विमानतळ जवळ आला, पण काम जवळ आले का?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: "आमचा वागळे इस्टेटमध्ये ८५० चौरस फुटांचा भाड्याचा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि २०१९ मध्ये घेतलेले एक जुने सीएनसी टर्निंग मशीन, सहा कामगार. यजमान काम पाहतात, बिले, चलने आणि बँक मी पाहते. महिन्याला साधारण ६ लाखांची बिले होतात, त्यांपैकी ४ लाख ८० हजारांची एकाच कंपनीची. ती कंपनी ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॅकिंगची यंत्रे बनवते आणि पैसे ९० ते १०० दिवसांनी देते. आता तिचा एक विभाग वर्षभरात चाकणला हलणार आहे. भाचा म्हणतो, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे, पनवेलकडे गाळा घ्या, २५ लाखांचे कर्ज काढून व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग यंत्र) घ्या, पुढची वीस वर्षे काम पुरेल. बँक राहते घर तारण मागते आहे. यजमानांचे मन तयार झाले आहे, माझे होत नाही. संधी खरी आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचे कसे? आणि व्यवसाय माझ्या नावावर केला तर महिला म्हणून फायदा होतो म्हणतात, तसे करावे का? आमच्याकडे उद्योग आधार आहे. (लोकमान्यनगर, ठाणे)"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात विमानतळ आणि चाकण एवढेच लक्षात राहिले. दुसऱ्या वाचनात मात्र '९० ते १०० दिवसांनी' या शब्दांवर नजर अडली, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे असे मला वाटू लागले. मी रबाळे येथील एका कारखान्याच्या खरेदी विभागात बावीस वर्षे काम केले आहे. त्यामुळे तुमच्यासारख्या गाळेवाल्यांना काम कसे मिळते, का मिळते आणि एके दिवशी ते का थांबते, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहे. त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

सुरुवात विमानतळापासून करू, कारण घरातील मतभेद त्यावरून आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाले, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. म्हणजे भूमिपूजनापासून पहिल्या उड्डाणापर्यंत जवळपास आठ वर्षे गेली. ज्याने भूमिपूजनाच्या दिवशी पाच वर्षांचे कर्ज काढून यंत्र घेतले असेल, त्याचे कर्ज पहिले विमान उतरण्याआधीच फिटून गेले असेल, किंवा फिटले नसेल तर बँकेने यंत्र ओढून नेले असेल. मोठ्या प्रकल्पाचे वेळापत्रक आणि आपल्या हप्त्याचे वेळापत्रक यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, आणि लहान उद्योजक अडचणीत येतो तो बहुधा या दोहोंच्या मधल्या काळात.

विमानतळ आता सुरू झाला आहे, मग आता तरी काम येईल की नाही, असे यजमान विचारतील. येईल, परंतु ते कोणाकडे आधी येईल हे पाहिले पाहिजे. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या भोवती आधी वाढली ती गोदामे, कंटेनर यार्ड, वाहतूकदार, कस्टमची कामे करणारे आणि ट्रक दुरुस्त करणारे. मुंबईतील घाऊक बाजार वाशीला हलले, १९८१ मध्ये कांदा-बटाट्यापासून सुरुवात होऊन १९९६ पर्यंत भाजी आणि फळेही तेथे आली, तेव्हाही पहिला लाभ हमाली, वाहतूक, बारदान आणि शीतगृहे यांना झाला. विमानतळाच्या बाबतीतही पहिल्या काही वर्षांची मागणी हॉटेले, प्रवासी वाहने, खानपान, सफाई, मालवाहतूक आणि सुरक्षा यांचीच असणार, असे माझे मत आहे. विमानाच्या सुट्या भागांचे काम त्या धावपट्टीपासून गाळा किती जवळ आहे यावर मिळत नाही. त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे, चाचण्या आणि मंजुऱ्या मिळवण्यात वर्षे जातात. भाच्याचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण त्याने पाहिलेली संधी खरी असूनही ती तुमच्या लेथची संधी नाही.

आता माझे मुख्य म्हणणे मांडतो. आपल्या आसपास किती काम आहे, यावरून लहान उद्योगाची संधी ठरत नाही. त्या कामाची घाई कोणाला आहे, तो आपल्यापासून किती अंतरावर आहे, तो पैसे केव्हा देतो आणि ते पैसे येईपर्यंत आपण टिकतो का, यांवरून ती ठरते. यांतील पैशाचा भाग बहुतेक लोक शेवटी पाहतात, म्हणून मी तो आधी घेतो.

तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करा. एका कंपनीची महिन्याची बिले ४ लाख ८० हजारांची आणि पैसे तीन महिन्यांनी, म्हणजे कोणत्याही दिवशी तुमचे किमान १४ लाख ४० हजार रुपये त्या कंपनीकडे अडकलेले असतात. कळंबोलीच्या बाजारातून आणलेल्या पोलादाचे पैसे तुम्हाला त्याहून पुष्कळ आधी द्यावे लागत असतील, कामगारांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, आणि बिल काढले की त्यावरचा जीएसटी कंपनीचे पैसे आले असोत वा नसोत, भरावाच लागतो. आज २५ लाखांचे कर्ज काढावे की नाही या चिंतेत असलेले तुमचे घर गेली कित्येक वर्षे एका मोठ्या कंपनीला साडेचौदा लाखांचे बिनव्याजी कर्ज देत आले आहे. हेच पैसे ४५ दिवसांत मिळू लागले, तर अडकलेली रक्कम ७ लाख २० हजारांवर येईल आणि तेवढीच रक्कम, कोणतेही घर तारण न ठेवता, तुमच्या हाती मोकळी होईल.

हे ४५ दिवस मी मनाने लिहिलेले नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. मुदत चुकली, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिनावार चक्रवाढ व्याज देण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकरात एक तरतूद आणली, जिला हिशेबनीस मंडळी अजूनही '४३ बी एच' म्हणूनच ओळखतात. अशा उद्योगाचे मुदत उलटलेले देणे वर्षअखेरीला थकीत राहिले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांचे लेखा विभाग अशा पुरवठादारांची यादी काढून बसतात. त्या यादीत तुमचे नाव असायला हवे.

आणि येथेच तुमच्या पत्रातील शेवटच्या ओळीने मला काळजीत टाकले. तुमच्याकडे 'उद्योग आधार' आहे, असे तुम्ही लिहिता. लहान उद्योगांच्या नोंदणीची ती व्यवस्था बदलून १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी सुरू झाली, आणि जुन्या उद्योग आधारची वैधता ३० जून २०२२ रोजी संपली. तुम्ही त्यानंतर उद्यम नोंदणी केली नसेल, तर कागदोपत्री आज तुम्ही लघु उद्योगच नाही, आणि वर सांगितलेले संरक्षण मागायला तुमच्याकडे आधार राहात नाही. नोंदणीआधी दिलेल्या मालालाही हे संरक्षण मिळेल असे धरून चालू नका. नोंदणीनंतरच्या बिलांचाच भरवसा धरा. नोंदणी झाली की तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर आणि चलनावर छापा, आणि कंपनीच्या खरेदी व लेखा या दोन्ही विभागांना प्रमाणपत्राची प्रत पत्रासोबत देऊन पोच घ्या. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म ठरतो, त्यामुळे तुम्ही या व्याख्येत सहज बसता.

हे हत्यार कसे वापरावे, याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. थकबाकीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार करता येते. आपल्या कोकण विभागाचे काम ठाण्यातूनच चालते. परंतु ज्या दिवशी तक्रार दाखल होते, त्या दिवशी बहुधा त्या ग्राहकाशी असलेला संबंध संपतो, हे मी खरेदी विभागात बसून पाहिले आहे. काही कंपन्यांनी तर ही कटकट नको म्हणून नोंदणीकृत पुरवठादारच कमी केल्याचेही मला ठाऊक आहे. ते चुकीचे होते, आणि त्या निर्णयांच्या कागदांवर माझ्याही सह्या आहेत, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून तक्रार हा शेवटचा उपाय समजा. पहिला उपाय म्हणजे लेखा विभागातील माणसाला शांतपणे भेटून, यजमानांऐवजी तुम्ही स्वतः भेटून, मार्चअखेरीच्या थकबाकीची यादी त्याच्या हाती देणे. दुसरा उपाय ट्रेड्सचा आहे. ही रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली चालणारी बिल वटवण्याची व्यवस्था आहे. कंपनीने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला थोडी सूट कापून काही दिवसांत पैसे मिळतात, आणि पुढे कंपनीने बँकेला पैसे दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही. २५० कोटींपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नाव नोंदवणे बंधनकारक केले आहे. तुमची ग्राहक कंपनी त्यात आहे का, हे विचारा. सूट कापली जाण्याचे वाईट वाटू देऊ नका. आज तुम्ही सोसत असलेले व्याज त्याहून अधिक असण्याची शक्यता आहे.

आता यंत्राकडे वळू. २५ लाखांचे कर्ज, ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५४ हजार रुपये येतो. आपल्या भागात व्हीएमसीच्या साध्या कामाला तासाला ४५० रुपये मिळतात असे धरा. तुम्हाला मिळणारा दर वेगळा असेल तर तो घालून हाच हिशेब पुन्हा करा. एका पाळीत, महिन्याचे २५ दिवस धरून, कागदावर २०० तास होतात. परंतु सेटिंग, टूल बदलणे, ड्रॉइंगची वाट पाहणे, काम नसणे आणि ऑपरेटरची रजा यांत यातील बराच वेळ जातो. यंत्र प्रत्यक्षात १२० तास चालले, तर मिळकत होते बरोबर ५४ हजार, म्हणजे फक्त हप्ता. ऑपरेटरचा पगार, टूल, वीज आणि गाळ्याचे भाडे कोठून द्यायचे, हा प्रश्न तसाच उरतो. हे यंत्र परवडायला दुसरी पाळी भरेल एवढे काम हवे, आणि ते काम यंत्र घेण्याआधी हातात हवे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की पुढचे सहा महिने व्हीएमसीची जी कामे येतील ती घ्यायची, पण वागळेतीलच एखाद्या दुसऱ्या गाळ्यातून करून घ्यायची. त्यात नफा थोडा राहील, कधी राहणारही नाही. परंतु सहा महिन्यांनी तुमच्या वहीत लिहिलेले असेल की कोणाकडून, किती तासांचे, कोणत्या दराचे काम आले आणि पैसे किती दिवसांनी मिळाले. महिन्याला सातत्याने दोन पाळ्या भरतील एवढे काम येत असेल, आणि ते एकाऐवजी तीन-चार ग्राहकांकडून येत असेल, तर यंत्र घ्या. त्या वेळी ती वही घेऊन बँकेत गेलात, तर तुमचे बोलणेही वेगळ्या पायावर होईल.

बँकेने घर तारण मागितले म्हणून दुसरा मार्ग नाही असे समजू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जाला सीजीटीएमएसई या पतहमी निधीची हमी मिळू शकते. १ एप्रिल २०२५ पासून या हमीची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे, आणि तुमची रक्कम तिच्या जवळपासही जात नाही. या हमीसाठी वार्षिक शुल्क पडते आणि ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, पण आपण हमी योजनेखाली अर्ज करत आहोत हे अर्जावरच लिहा आणि नकार दिल्यास कारण लेखी मागा. नकाराचे कारण लेखी मागणाऱ्या अर्जदाराचे प्रकरण शाखेत अधिक काळजीने वाचले जाते. लोकमान्यनगरचे घर या व्यवहारात आणू नये, याबद्दल माझ्या मनात कोणतीही शंका नाही.

पैशाचे एवढे सविस्तर लिहिल्यावर आता काम कोठे आहे ते सांगतो. तुमच्या गाळ्याला आज एक गोष्ट मिळालेली आहे जी पनवेलला गेल्यावर नाहीशी होईल. कळवा-विटाव्यातून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागले, किंवा मुलुंडहून ऐरोली पुलावरून गेले, की दिघ्यापासून ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा सारा पट्टा तुमच्या टेम्पोच्या आवाक्यात येतो. या पट्ट्यातील रसायनांची काही जुनी कारखानदारी बंद पडली, तिच्या जागी संगणक कंपन्यांच्या इमारती आणि डेटा सेंटर उभे राहिले. ठाण्यात तर कारखान्यांच्या जमिनींवर मॉल आणि निवासी मनोरे झाले. वागळे इस्टेटमध्येही, जेथे १९६२ मध्ये एमआयडीसीच्या कामाचा प्रारंभ झाला, तेथे आज गाळ्यांच्या शेजारी काचेच्या इमारती दिसतात. म्हणून एखाद्या मोठ्या कारखान्याला महिन्याला ठरलेले हजारो नग पुरवण्याचे दिवस या भागात कमी होत जाणार, असे मला वाटते. परंतु जे कारखाने अजून चालू आहेत, औषधांचे, अन्नपदार्थांचे, पॅकिंगचे, रंगांचे, त्यांची यंत्रे जुनी होत आहेत आणि ती मधूनच बंद पडतात.

एक प्रसंग सांगतो. आमच्या कारखान्यात एकदा रात्री अकराच्या सुमारास एका पंपाची शाफ्ट तुटली आणि उत्पादनाची सारी ओळ थांबली. मूळ कंपनीकडून शाफ्ट यायला तीन आठवडे लागणार होते. मी चार गाळेवाल्यांना फोन केले; तिघांनी उचलला नाही. चौथा स्वतः स्कूटरवरून आला, तुटलेले तुकडे जुळवून त्याने मायक्रोमीटरने मापे घेतली, त्याच्याकडे ईएन-८ या पोलादाचा बार शिल्लक होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता शाफ्ट बसली. त्याने नेहमीच्या दराच्या तिप्पट रक्कम सांगितली आणि आम्ही एक शब्दही न काढता ती दिली, कारण ओळ थांबल्याने होणारे नुकसान त्याच्या बिलाच्या कितीतरी पट होते. त्यानंतर दहा वर्षे तो आमच्याकडे काम करत होता. त्याच्याकडे तुमच्याहून कमी यंत्रे होती.

अशा तातडीच्या आणि देखभालीच्या कामात दराची घासाघीस कमी असते. ही बिले लहान असतात, खरेदी विभागाऐवजी देखभाल विभागाच्या खर्चातून जातात, आणि माझ्या अनुभवात ती लवकर चुकती होतात. शाफ्ट, स्लीव्ह, बुश, कपलिंग, पॅकिंग यंत्रांचे बदलायचे भाग ही तुमच्या लेथची आणि सीएनसीची कामे आहेत, आणि पॅकिंग यंत्रांची तुम्हाला इतक्या वर्षांची ओळख आहे. तुमची कंपनी जी यंत्रे बनवते, तीच यंत्रे या पट्ट्यातील कारखान्यांत चालत असतील. मात्र कंपनीने दिलेल्या ड्रॉइंगवरून तिच्या ग्राहकांना परस्पर माल विकू नका. तो विश्वासघात होईल आणि कायदेशीर अडचणही येईल. तुटलेल्या भागाची मापे घेऊन दुरुस्ती म्हणून काम करणे वेगळे आहे, आणि त्याबद्दलही कंपनीशी केलेला करार आधी एकदा वाचून पाहा.

यासाठी लागणारी गुंतवणूक २५ लाखांची नाही. नेहमी लागणाऱ्या व्यासांचे ईएन-८ आणि एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे काही बार कायम शिल्लक ठेवणे, चांगली मापनसाधने घेऊन ती वेळेवर तपासून आणणे, केलेल्या प्रत्येक भागाचे माप तारखेसह वहीत लिहून ठेवणे, आणि फोन उचलणे. यांत वहीचे मोल सर्वांत अधिक आहे. सहा महिन्यांनी तोच पंप पुन्हा बिघडला आणि तुम्ही माप न घेता भाग करून दिलात, की त्या कारखान्याला दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही. आणखी एक सवय सांगतो, जिच्यावरून आम्ही खरेदी विभागात माणसे पारखत असू. काम उशिरा होणार असेल तर ते आधी कळवणारे फार थोडे असतात. उशीर आम्ही समजून घेत असू, पण गाडी पाठवल्यावर कळलेला उशीर आम्ही विसरत नसू.

घोडबंदर रस्त्यावर उभ्या राहिलेल्या मोठ्या गृहसंकुलांकडेही लक्ष द्या. प्रत्येक संकुलात पाण्याचे, अग्निशमनाचे आणि सांडपाणी प्रक्रियेचे पंप असतात, आणि ते दुरुस्त करणाऱ्यांना शाफ्ट आणि स्लीव्ह कोणाकडून तरी करून घ्यावी लागते. काम लहान असते, पण ते करणारे बहुधा रोख देतात. रेल्वेच्या कळवा व सानपाडा येथील कारशेडसारख्या सरकारी ठिकाणांच्या निविदा मी आज तुम्हाला सुचवत नाही. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे धोरण आहे आणि उद्यम नोंदणीवर अनामत रकमेतूनही सूट मिळते, परंतु त्या कागदपत्रांसाठी लागणारा वेळ सध्या तुमच्याकडे नाही. ते पुढच्या वर्षी पाहा.

गाळा हलवण्याबद्दल आणखी एक मुद्दा तुमच्या पत्रात आला नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. तुमचे सहा कामगार कोठे राहतात? किसननगर, कळवा, दिवा येथून येणारा माणूस पनवेलला रोज येईल का? ठाण्याहून पनवेलला थेट लोकल आहे, तरी स्थानकापासून औद्योगिक वसाहतीपर्यंतचे अंतर आणि जाण्यायेण्यात जाणारे तास धरले तर सहापैकी दोन आले तरी पुष्कळ. जुन्या लेथवर हाताच्या अंदाजाने मिलिमीटरचा शंभरावा भाग साधणारा कारागीर सोडून गेला, तर नवे यंत्र त्याची जागा भरून काढत नाही. माणसे कमी पडत असतील, तर वागळेतच शासकीय आयटीआय आहे; तेथील टर्नर किंवा मशिनिस्टच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची चौकशी करा. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला हे ऐच्छिक आहे आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देते.

सध्याच्या गाळ्याबाबत मात्र एक खात्री करून घ्या. एमआयडीसीच्या जागेतील गाळा भाड्याने देण्यासाठी मूळ धारकाला महामंडळाची परवानगी घ्यावी लागते. ती घेतलेली आहे का, हे मालकाकडून कागदावर पाहून घ्या. कर्ज, वाढीव वीजभार आणि नोंदणीचा पत्ता, हे सारे पुढे त्या एका कागदावर अडू शकते.

चाकणचा प्रश्न राहिला. कंपनीच्या मागे घाट ओलांडून जाऊ नका. भोसरी आणि चाकण येथे तुमच्यासारखे काम करणारे गाळे पुष्कळ आहेत, आणि कंपनी तेथे पोहोचली की महिन्याभरात तिला ते सापडतील. त्याऐवजी कंपनीला आजच पत्राने दोन गोष्टी विचारा: कोणत्या भागांची ड्रॉइंग चाकणला जाणार आणि कोणती येथे राहणार, आणि विकलेल्या यंत्रांच्या सुट्या भागांचा विभाग कोठे असणार. एक विभाग हलतो तेव्हा सुट्या भागांचे काम पुष्कळदा मागेच राहते, आणि ते सांभाळणारा माणूस विश्वासू पुरवठादार शोधत असतो. वर्षभराची मुदत मिळाली आहे, तिचा उपयोग त्या एका कंपनीचा वाटा ८० टक्क्यांवरून निम्म्यापर्यंत खाली आणण्यासाठी करा. यजमानांना हे सांगताना आकडेच पुढे ठेवा. तुमच्या मनातील भीती आकड्यांच्या रूपात समोर आली की ती त्यांनाही दिसेल. ठाणे लघु उद्योग संघटना, म्हणजे 'टिसा', वागळेतच आहे. देखभालीची कामे आणि व्हीएमसीचे शेजारी गाळे, दोन्ही शोधायला तेथील ओळखी कामी येतील.

शेवटी व्यवसाय तुमच्या नावावर करण्याचा प्रश्न. सरकारी खरेदीच्या त्या २५ टक्क्यांत ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखलेले आहेत हे खरे, पण केवळ त्यासाठी मालकी बदलू नका. मालकी बदलली की पॅन बदलतो, त्याबरोबर जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, बँकेची कर्जमर्यादा आणि कंपनीकडचा व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार क्रमांक, हे सारे नव्याने करावे लागते. चाकणचे प्रकरण चालू असताना व्हेंडर कोड हातून सुटणे तुम्हाला परवडणार नाही. मात्र तुमच्या पत्रावरून दिसते की बिले, वसुली आणि बँक तुम्ही सांभाळता, म्हणजे अर्धा व्यवसाय आजही तुम्हीच चालवता, आणि त्याची नोंद कोठेही नाही. ग्राहक तीन-चार झाले, थकबाकी निम्मी झाली, की दोघांची भागीदारी करा आणि तुमचा हिस्सा ५१ टक्के ठेवा. तो कागदावर असेल तसाच निर्णयातही असू द्या. तोवर उद्यम नोंदणी यजमानांच्या पॅनवरच करून घ्या. तिला आधार, पॅन आणि जीएसटी क्रमांक एवढेच लागते, शुल्क काहीही नाही, आणि कोणी शुल्क मागितले तर ते संकेतस्थळ सरकारचे नाही असे समजून बंद करा. हे काम याच आठवड्यात झाले, तर या महिन्याच्या बिलांवर नवा क्रमांक छापून जाईल.